दुफळीतला माणूस

आमच्या लालबागच्या चाळीतल्या गणेशोत्सव मंडळात एका वर्षी जोरदार भांडण झालं आणि त्याची सूचना जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अक्षर चांगलं असल्याची शिक्षा. ‘मंडळात दुफळी माजली असून’ एवढं खडूने लिहिलं आणि हात थांबला. दुफळी म्हणजे दोन फळ्या? आणि हे मी लिहितोय कशावर, तर फळ्यावर. दुसऱ्या दिवशी पेपरात फुटबॉलची बातमी होती. बचाव फळी आणि मधली फळी यांच्यात पोकळी राहिली, तिथेच सामना हातातून गेला, अशा अर्थाची. झालं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय की डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला मराठीत धड नाव नसलं तरी तो जिथे उभा राहतो त्या जागेला आहे. ती जागा म्हणजे दुफळी.

पेपरवाले त्याला ‘बचावात्मक मध्यरक्षक’ म्हणतात. हे नाव मैदानावर कुणी ओरडून दाखवावं. म्हणेपर्यंत गोल होईल. आम्ही चाळीच्या आवारात रबरी चेंडूने खेळायचो तेव्हा ज्याला ड्रिबल जमत नाही आणि गोलकीपर व्हायचं नाही, त्याला ‘तू मधे थांब’ असं सांगितलं जायचं. तो मी. म्हणजे या विषयात मी अगदीच निःपक्षपाती नाही.

आधी फळी. फळी म्हणजे लाकडाची पट्टी, सगळ्यांना ठाऊक आहे. वाण्याच्या दुकानाला शटर यायच्या आधी रात्री फळ्या लावत. पण जुन्या मराठीत फळी म्हणजे सैन्याची रांगसुद्धा. फौजेची फळी धरायची, शत्रूची फळी फोडायची. यावर माझा दादरचा एक मित्र, पेशाने मुद्रितशोधक, म्हणतो की खेळातली फळी क्रिकेटमधून आली: बॅट म्हणजे फळी, म्हणून ती चालवणारा फलंदाज, आणि फलंदाजांची रांग ती आघाडीची फळी, मधली फळी. ऐकायला फार गोड. पण ‘फलंदाज’ हा शब्दच मुळी गोलंदाजाच्या वजनावर पाडलेला आहे, आणि गोलंदाज होता तोफखान्यातला, तोफेचा गोळा डागणारा. त्यातला ‘अंदाज’ फारसी, फेकणारा या अर्थाचा. म्हणजे क्रिकेटने शब्द उचलले ते लष्कराकडून. मग फळी तेवढी बॅटीतून उगवली म्हणायची? मुळीच नाही. ती रणांगणावरून चालत आली आणि वाटेत बॅट भेटली.

आणि खरी गंमत पुढे आहे. संस्कृत ‘फलक’ म्हणजे पाटी, फळी आणि ढालही. आज आपण दुकानावर लावतो तो फलक एकेकाळी हातात धरून वार झेलायची वस्तू होती. तेव्हा ‘बचाव फळी’ म्हणताना आपण नकळत ढालीचंच नाव घेतो. दादरकर यावर ‘फल्’ धातू काढतो. फल् म्हणजे फुटणं, दुभंगणं. त्यातून चिरलेली ती फळी, जमीन चिरतो तो फाळ, आणि देश चिरला ती फाळणी. त्याच्या मते दुफळीत सैन्यबिन्य काही नाही, नुसतं दोन तुकडे होणं आहे. असू दे की. मूळ फुटण्यात असेल, तर फुटलेल्या दोन भागांच्या मधे कुणीतरी उभं राहायला हवं, हे माझंच म्हणणं झालं.

आता हा माणूस तिथे आला कसा? प्रसिद्ध टप्पे पटकन उरकतो. जुनी रचना दोन-तीन-पाच: मागे दोन बॅक, मधे तीन हाफ, पुढे पाच जण. मधल्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ, संघाचा कणा. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, पुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं, आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. त्या ऑक्टोबरात आर्सेनल न्यूकॅसलकडून ७-० ने हरलं. मग आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन याने सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधे नेऊन बसवलं. मागची गळती थांबली, मधे भोक पडलं. पुढची सगळी कुळकथा त्या भोकाची आहे.

पुरावा हवा असेल तर पाठीवरचे आकडे बघा. इंग्लंडच्या लीगमध्ये १९३९ पासून शर्टावर क्रमांक सक्तीचे झाले, तोवर सेंटर हाफ मागे जाऊन बसला होता. म्हणून तिथे पाच नंबर म्हणजे बचावातला उंचापुरा गडी, आणि मजा म्हणजे त्याला अजूनही ‘सेंटर हाफ’च म्हणतात. चाळ सोडून विरारला गेलेल्या कुटुंबाने लेटरहेडवर लालबागच ठेवावं तसं. अर्जेंटिनात मात्र पाच नंबर मधेच राहिला. तिथे नुसतं ‘पाच’ म्हटलं की बचावफळीसमोर उभा असलेला माणूस कळतो. एकच आजोबा, एक नातू मागच्या खोलीत गेला, दुसरा ओसरीवरच बसून राहिला.

ब्राझीलमध्ये या जागेला ‘वोलांते’ म्हणतात, आणि तिथली गोष्ट मला मराठी माणसाने समजून घ्यावी अशी वाटते. कार्लोस वोलांते नावाचा अर्जेंटिनाचा खेळाडू युरोपात बराच फिरला. १९३८ च्या फ्रान्समधल्या विश्वचषकात तो ब्राझीलच्या संघाबरोबर चक्क मालीशवाला म्हणून होता. मग त्यांच्यासोबतच रिओला गेला आणि १९४३ पर्यंत फ्लामेंगोकडून बचावासमोर खेळला. त्याच्या आडनावावरून जागेचं नाव पडलं, असं ब्राझीलमध्ये सांगतात. उलट पक्ष म्हणतो, छे! पोर्तुगीजमध्ये वोलांते म्हणजे गाडीचं स्टिअरिंग. संघ वळवणारा तो वोलांते. शिवाय स्पॅनिशमध्ये उडता, फिरता असा अर्थ आहे आणि अर्जेंटिनात मधल्या फळीतल्या कुणालाही वोलांते म्हणतात. मी आडनावाच्या बाजूने. कारण आडनावाचा असा शब्द होणं आपण घरातच पाहिलं आहे. विनू मांकड यांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला चेंडू टाकण्यापूर्वीच धावबाद केलं, आणि जगभर ‘मांकडिंग’ झालं. शब्दाला आधीच अर्थ असला की आडनाव त्यात आणखी घट्ट बसतं, एवढंच.

पोर्तुगालमधला शब्द तर याहून झकास: ‘त्रिंकू’. म्हणजे दाराची कडी. पोर्तुगीजांकडून आपण चावी घेतली, बटाटा घेतला, पगार घेतला. कडी तेवढी घेतली नाही, कारण आपली होती. पण फुटबॉलपुरती घ्यायला हवी होती. ‘आज कडीला कोण आहे?’ असं एखाद्या प्रशिक्षकाने विचारलेलं मला फार आवडेल.

परळचा कबड्डीवाला गट माझ्यावर नेहमी तुटून पडतो. त्यांचं म्हणणं, गिरणगावाला हे शिकवायला इंग्लंड-ब्राझील कशाला? कबड्डीत मध्यरक्षक आहेच, कव्हर. कोपऱ्याने घोटा धरला की कव्हरने छातीने अडवायचं. मान्य, पण कबड्डीतले सातजण एकच साखळी असतात. एकच फळी, दुफळीला जागाच नाही. गिरगावचे एक काका मात्र जास्त धोकादायक आहेत. ते आट्यापाट्या काढतात. आडव्या नऊ पाट्या, प्रत्येकीवर एक अडवणारा, आणि त्या सगळ्यांना उभी छेदणारी सूरपाटी. तिच्यावरून धावणारा गडी दोन फळ्यांच्या मधल्या जागेचा मालक. इथे मी थोडा अडखळतो. कुळ नाही, पण नातं आहे, अशी तडजोड करून मोकळा होतो.

कारण मला घाई असते कूपरेजला पोचायची. ओव्हलच्या दक्षिण टोकाचं हे मैदान मुंबईच्या फुटबॉलचं घर. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप इथे रंगायचा. धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, गोवेकर यायचे, आम्ही लालबागहून, आणि शिव्या दोन्ही भाषांत. नाव कूपरवरून, कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर. गलबतांवर पाणी, दारू, खारवलेलं मांस पिंपांतून जायचं, त्यांची कार्यशाळा इथे होती. आणि पिंप कशाचं? फळ्यांचं! खिळा नाही, सरस नाही, एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या फळ्या आणि त्यांना आवळणारा लोखंडी पट्टा. पट्टा सैल झाला की फळीफळीतून गळती. दुफळीतला माझा माणूस म्हणजे हाच पट्टा. मुंबईने फुटबॉलसाठी नेमकी फळ्या आवळणाऱ्यांचीच जागा निवडावी, याला मी योगायोग म्हणतो, पण फक्त तोंडाने.

या मैदानाने असा एक पट्टा देशाला दिलाही. फॉर्च्युनाटो फ्रँको, मूळ गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारा हाफ. ४ सप्टेंबर १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने एशियाडचं सुवर्ण घेतलं, त्या संघात तो होता. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे, म्हणून आठवण त्यांची. जर्नेल तर मूळचा बचावपटू, डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं. अशा गोष्टी सांगायला रंगतदार असतात. मागचा गडी पुढे गेला तेव्हा मधे कोण राबत होतं, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो. मीही मधलाच.

हे सगळं मी परवा गिरगावच्या काकांना पुन्हा एकदा रंगवून सांगितलं. फळी, ढाल, दुफळी, पिंप, पट्टा. त्यांनी शांतपणे चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, “अरे, पण पट्टा पिंपाच्या बाहेरून असतो. तुझा माणूस तर आत असतो ना?”