अन्तेवासी : आपट्याहून उच्च विद्येकडे जाणारी वाट

१

आपटा हे गाव पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आहे. हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८८३ साली तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पाताळगंगा खंडाळ्याच्या घाटाच्या बाजूस उगम पावते आणि खोपोली, आपटा अशी गावे मागे टाकीत धरमतरच्या खाडीस मिळते. नदीच्या वरच्या अंगास चालत गेल्यास बोरघाट लागतो आणि घाट चढताच पुण्याचा रस्ता. खालच्या अंगास गेल्यास खाडी लागते आणि खाडीपलीकडे मुंबई.

१८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. १८५७ साली मुंबईस विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रातील उच्च विद्येची ही दोन पीठे. आणि दोहोंच्या मधल्या मुलखात आपटा. नकाशा पुढे ठेवून पाहिल्यास विद्यार्थ्यास याहून सोयीचे गाव सापडणे कठीण. तथापि या वाटेवरून कोण जाऊ शकला आणि कोण जाऊ शकला नाही, हे नकाशावरून कळत नाही. ते कशावरून कळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिष्यास संस्कृतात अन्तेवासी म्हणतात. या शब्दाचा अर्थ जवळ राहणारा असा आहे. शिकणारा, वाचणारा, प्रश्न विचारणारा असा अर्थ त्यात नाही. विद्या गुरूजवळ असते. म्हणून विद्यार्थ्यास गुरूजवळ राहावे लागते. राहावयाचे म्हणजे तेथे कोणी तरी जेवू घातले पाहिजे. उच्च विद्येच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, गुरू, परीक्षा व पदव्या यांचा पुष्कळ ऊहापोह करतो. अन्तेवासी कोठे राहिला व कोणाच्या ताटात जेवला, हा प्रश्न मात्र आपण गौण समजतो. माझ्या मते तोच प्रश्न मुख्य आहे.

२

प्रथम पेशवाईचा काळ घेऊ. श्रावणमासाच्या दक्षिणेची चाल मूळची तळेगावच्या दाभाडे सेनापतींची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. त्यापुढे दूरदूरचे वैदिक व शास्त्री श्रावणात पुण्यास जमत, त्यांची परीक्षा होई व योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे. या व्यवस्थेचे गुण पुष्कळांनी वर्णिले आहेत. ते खोटे नाहीत. कोकणातल्या एखाद्या पाड्यावरील निर्धन ब्राह्मणाचा मुलगाही घाट चढून पुण्यास गेला तर विद्येला मुकत नसे. पुण्यास, वाईस, नाशकास त्याला सात घरी सात वार लावून जेवता येई; वार न मिळाल्यास माधुकरी मागता येई. निजावयास देवळाची ओवरी असे. अशा मुलाला घाटाचे अंतर हे अंतरच नव्हते.

परंतु हीच व्यवस्था दुसऱ्या बाजूने पाहावी. वार व माधुकरी म्हणजे शिजलेले अन्न, आणि शिजलेले अन्न जातीच्या मर्यादेत फिरे. ज्या मुलास त्या स्वयंपाकघरात वाव नाही, त्याला त्या नगरात विद्यार्थी म्हणून राहताच येत नसे. त्याला वेदशास्त्राचा अधिकार नाही हे धर्मशास्त्रातील वचन पुढे येई. पण त्याच्याही आधी त्याला रात्रीचे जेवण मिळणार नाही ही गोष्ट पुढे येई. आपट्याच्या आसपास कर्नाळ्याच्या मुलखात आगरी, कुणबी, महार, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. यांच्यापैकी एखाद्याचे घर पुण्याच्या रस्त्यालाच लागून असले तरी ते पाठशाळेपासून जितके दूर, तितके काशीचे ब्राह्मणाचे घरही दूर नव्हते.

३

इंग्रजी अमलात दोन गोष्टी पालटल्या. एक, कायद्याने दार उघडू लागले. दुसरी, विद्येच्या वाटेवर पैसा आला.

दाराची हकीकत थोडक्यात अशी. पुण्याची संस्कृत पाठशाळा १८५१ साली इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पुणे कॉलेज झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही त्यात हात घालण्याचे टाळले. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचे स्पष्ट केले. हे कागदावर झाले. प्रत्यक्षात ते होण्यास फार वर्षे लागली.

वाटेची हकीकत याहून चमत्कारिक आहे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि पनवेल हे मुंबई-पुण्याच्या दळणवळणातील नाके बनले. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, म्हणजे विद्यापीठ निघण्याच्या आदल्याच वर्षी. १८६३ साली तिने घाट ओलांडला. पण ती पाताळगंगेच्या वरच्या टोकाशी थांबली. खाली आपट्यास आगगाडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि तेथून रोह्याकडे रूळ गेले ते १९८६ साली.

विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा १८६२ साली झाली. तीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे उत्तीर्ण झाले. भांडारकर मालवणचे. रत्नागिरीस शाळा संपल्यावर त्यांना मुंबई गाठावी लागली. कोकणाने विद्वान पुष्कळ दिले असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ते विद्वान कोकण सोडून गेले तेव्हाच विद्वान झाले, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे. आपट्याजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनाही शिक्षणासाठी व नोकरीसाठी कल्याण, मुंबई, पुणे असाच प्रवास घडला.

हे कोसांचे अंतर उच्चवर्णीयांनाही किती जाचक होते, याचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. मुरुडहून सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाटाने शंभरावर मैल पायी चालून साताऱ्यास पोचले. आणि वय सतरापेक्षा कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. परीक्षेचे ठाणे घाटावर, विद्यार्थी समुद्रकाठी. मधला डोंगर विद्यार्थ्याने ओलांडावयाचा. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वडील बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा धाकट्यास पाठवीत. गोखले १८८४ साली बी. ए. झाले. ही पदवी एकाची असली तरी तिचे मोल दोघांनी दिले. वार लावून जेवण्याचा काळ सरत होता. आता अन्नाला रोकड लागत होती, आणि ती ज्याच्या घरात नाही त्याला उघडे दारही बंदच होते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्याचा गाभा याच ठिकाणी आहे. सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा ओघ मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो, अशी त्यांची तक्रार होती. तिचा त्या काळी उपहास करणारे पुष्कळ होते. परंतु आपट्याच्या बाजूस सारा भरणारा कुळवाडी आणि मुंबईस पदवी घेणारा विद्यार्थी यांचे हिशेब शेजारी मांडून पाहिल्यास त्या तक्रारीत अतिशयोक्ती दिसत नाही.

४

१९१२ हे साल या विषयात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. याच कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळ जन्मलेले आणि रोह्यास शिक्षणाचा आरंभ केलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख त्या वर्षी मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्याच वर्षी भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगडच्या बाजूचे. म्हणजे तेही कोकणचेच. त्यांना संस्कृत शिकावयाचे होते, पण शाळेत ते शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली.

मी उभा जन्म संस्कृत शिकविण्यात घालविला. शंकरशेट शिष्यवृत्तीचे नाव वर्गात शेकडो वेळा घेतले असेल. या दोन गोष्टी एकाच सालच्या आहेत हे मात्र निवृत्त झाल्यावर, दोन चरित्रे एकापाठोपाठ वाचताना, माझ्या ध्यानात आले. ज्या भाषेने एकाच्या मस्तकावर मुकुट ठेवला, तिच्याच रक्षकांनी दुसऱ्यास उंबऱ्यावरून परत पाठविले. यात देशमुखांचा दोष काहीच नाही. त्यांची विद्या निर्मळ होती. दोष आम्हा रक्षकांचा. हे दोघे १९५० साली भारत सरकारच्या एकाच मंत्रिमंडळात बसले, एक अर्थखात्यावर व दुसरे कायदाखात्यावर. संस्कृताने मात्र एक मोठा वाचक विद्यार्थिदशेतच दूर लोटला होता.

आंबेडकरांच्या चरित्रकारांनी शाळेतील आणखी एक प्रसंग नमूद केला आहे. ते फळ्याकडे गणित सोडवावयास निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे मुलांनी धावत जाऊन उचलले. शाळेत त्यांचे नाव पटावर होते, परीक्षेस बसण्याची मुभा होती. विटाळ मानला गेला तो अन्नाच्या ठिकाणी. पुढे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कॉलेजचे शिक्षण पुढे चालले. सात घरच्या वारांची जागा एका संस्थानिकाच्या पंचवीस रुपयांनी घेतली.

५

हे मर्म ज्यांनी ओळखले, त्यांनी कॉलेजाच्या आधी वसतिगृह काढले. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि मागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा समाजांची वसतिगृहे उभी राहिली. नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांस राखून ठेवणारे त्यांचे फर्मान १९०२ च्या जुलैतले. वसतिगृह त्याच्या आधीचे. हा क्रम सहेतुक वाटतो. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणारे भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले. ज्या पंक्तीने शतकानुशतके विद्यार्थी निवडले, तीच पंक्ती त्यांनी मोडून पुन्हा मांडली. स्त्रियांची अडचण याहून बिकट. मुलीस वार कोण देणार, आणि तिला ओवरीत कोण निजू देणार? म्हणून कर्व्यांनी आधी हिंगण्याचा आश्रम उभारला आणि मग १९१६ साली महिला विद्यापीठ.

कुलाबा जिल्ह्यात महाविद्यालय येण्यास फार उशीर झाला. मुंबई विद्यापीठ निघाल्यास शंभर वर्षे लोटल्यावर, १९६१ साली, अलिबागेस जनता शिक्षण मंडळाचे आणि महाडास आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. ज्या महाडात १९२७ साली तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे हे घडले. पनवेलीस रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० साली निघाले, आणि तेव्हा आपट्याच्या मुलास सकाळी जाऊन सायंकाळी घरी जेवावयास परत येणे शक्य झाले. मुंबई-पुण्याच्या मध्ये असूनही या गावास विद्यापीठ निघाल्यापासून एकशे तेरा वर्षे लागली, ती या एका जेवणासाठी.

प्रश्न सर्वस्वी मिटला असे मात्र नव्हे. १९५९ साली मुंबई राज्यात अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांची फी माफ झाली. पण फी माफ झाल्याने पोट भरत नाही. आदिवासी व अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांस वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना भोजन व निवास यांसाठी थेट रक्कम देण्याच्या स्वयम् व स्वाधार या योजना महाराष्ट्र सरकारने २०१६ च्या सुमारास काढल्या. डोंगराकडेच्या वाडीतील कातकरी मुलास आजही पहिला प्रश्न हाच असतो. त्याला शिष्य होण्यापूर्वी अन्तेवासी व्हावे लागते.

६

आता संशोधकांस व संग्राहकांस एक विनंती. आपण पोथ्या जमवितो. पोथीच्या शेवटी लेखकाचे नाव, गाव, शक व तिथी असते, आणि त्यावरून विद्या कोठे होती हे आपण ठरवितो. परंतु पोथी ज्याच्या हातात पडली त्याचाच पुरावा ती देते. जो उंबऱ्याबाहेर राहिला त्याच्याविषयी ती मुकी असते. हा मुकेपणा भरून काढणारी साधने आपल्या दप्तरांत आहेत, पण आपण त्यांस रद्दी समजतो. घरखर्चाच्या वह्यांत कोणत्या वारी कोण विद्यार्थी जेवला याची टिपणे असतात. देवस्थानांच्या हिशेबांत अन्नछत्राचा खर्च असतो. जुन्या वसतिगृहांची हजेरीपत्रके व कोठीच्या वह्या अजून कोठे कोठे कपाटांत पडून आहेत, आणि त्यांना वाळवी लागत आहे. ही कागदपत्रे वाचणे सोपे नाही व त्यात शास्त्रार्थाचा आनंदही नाही. पण अमुक गावचा, अमुक जातीचा मुलगा अमुक साली येथे दोन वेळा जेवला, एवढे एक वाक्य जरी त्यांतून हाती लागले तरी एका कुळाचा विद्येत प्रवेश केव्हा झाला हे त्यावरून निश्चित होईल.

तैत्तिरीय उपनिषदात भृगूने तप केले तेव्हा ब्रह्म म्हणून त्याला प्रथम अन्न कळले. प्राण, मन, विज्ञान व आनंद या पायऱ्या त्यानंतरच्या. आम्ही ते प्रकरण पुष्कळदा शिकविले, पण पहिली पायरी ओलांडून पुढे जाण्याची आम्हाला घाई असे. विद्येच्या इतिहासाचे लेखन तरी त्या पहिल्या पायरीपासून व्हावे, एवढेच या टिपणाचे सांगणे आहे.