दमानं वर या

मराठीत ‘दम’ हा शब्द फारसीतून आला आणि घरचाच होऊन गेला. जिना चढल्यावर आपल्याला दम लागतो. उतावळ्या नातवाला आजी ‘दम धर’ म्हणते. पारावरचा म्हातारा चिलमीचा दम मारतो. श्वास, धीर आणि धूर असे तीन अर्थ या एका शब्दात सुखानं नांदतात. आज मला बोलायचं आहे ते हौसेनं समुद्राखाली उतरणाऱ्या माणसांविषयी, म्हणजे स्कूबा डायव्हिंगविषयी. या माणसांच्या सुरक्षिततेचा इतिहास या तीन अर्थांभोवतीच फिरतो.

हा इतिहास सुरू होतो नदीवरच्या पुलांच्या पायात. एकोणिसाव्या शतकात मोठे पूल बांधताना नदीच्या तळाशी प्रचंड पेट्या उतरवत. पाणी आत शिरू नये म्हणून त्यांत दाबाची हवा भरत आणि मजूर आत राहून गाळ उपसत. पाळी संपवून वर आल्यावर काहींचे सांधे असह्य ठणकत, काहींचे पाय लुळे पडत, काही दगावत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्यानं अंथरुणाला खिळला. पूल १८८३ मध्ये पुरा होईपर्यंत त्याची पत्नी एमिली हीच त्याच्या सूचना कामावर पोहोचवत राहिली.

कारण दाखवून दिलं ते फ्रान्सच्या पॉल बेर या शास्त्रज्ञानं, १८७८ साली. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. गोटीसोड्याची बाटली फोडल्यावर जे होतं, तेच माणसाच्या शरीरात होतं.

आता उपाय शोधायचा होता. ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांसाठी तो शोधला जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एका लोखंडी कोठीत शेळ्या ठेवल्या, दाब वाढवला आणि मग वेगवेगळ्या गतीनं उतरवला. शेळी पुढचा पाय उचलून धरू लागली की समजायचं, हिला बुडबुड्यांनी गाठलं. यातून एक नियम हाती आला. वर येताना एका दमात यायचं नाही. पायरीपायरीनं यायचं, प्रत्येक पायरीवर थांबायचं, म्हणजे विरघळलेला वायू श्वासावाटे निघून जातो. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक स्ट्रिव्हन या खाडीत डेमंट आणि कॅटो हे दोन नौदल पाणबुडे या पद्धतीनं २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले. १९०८ मध्ये हाल्डेन यांची कोष्टकं प्रसिद्ध झाली. आजही हौशी पाणबुड्याला वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला शिकवतात, ती याच जिन्याची शेवटची पायरी. आपल्या भाषेत सांगायचं तर साऱ्या शास्त्राचं सार तीन शब्दांत येतं : दमानं वर या.

हाल्डेन यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. चरबीत नायट्रोजन जास्त मुरतो आणि उशिरा बाहेर पडतो. त्यामुळे फार लठ्ठ माणसाला दाबाच्या हवेत कामाला पाठवू नये, असं त्यांनी त्याच वर्षी सांगून ठेवलं. पाणबुड्याचं शरीर कसं असावं, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रात आला.

योगायोग असा, की धुरातलं विष ओळखणाऱ्यांतही हेच हाल्डेन होते. कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यावर मजूर कशानं मरतात, हे शोधताना त्यांनी कार्बन मोनॉक्साइड हा वायू स्वतः हुंगून पाहिला होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. विडी-सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यात तोच वायू असतो. खाणीच्या तळाशी माणूस नाइलाजानं जे विष घेत होता, ते आपण दुकानातून विकत आणतो.

या घराण्याची गोष्ट इथं संपत नाही. हाल्डेन यांचा मुलगा जॅक १९०६ च्या त्या चाचण्यांच्या वेळी तेरा वर्षांचा होता. बापानं त्यालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरवलं. पोशाख सैल, त्यात पाणी शिरलं, पण पोरगा डगमगला नाही. हाच पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून जगाला माहीत झाला. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, तेव्हा त्यांनी दाबाच्या कोठीत स्वतःला कोंडून प्रयोग केले. त्यांत मणक्यांना इजा झाली, कानाचा पडदा फाटला. त्यावर ते गंमतीनं म्हणत, की पडद्याला भोक राहिलं तरी हरकत नाही, कानातून तंबाखूचा धूर काढून चारचौघांत भाव तरी खाता येतो. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला कर्करोगानं वारले. शेवटच्या आजारात त्यांनी कर्करोगावरच एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी न लाजता वेळेवर डॉक्टर गाठावा, हा तिचा हेतू. त्यांच्या आजाराचा संबंध धुराशी जोडण्याचं कारण नाही. मला मोल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं : स्वतःच्या शरीराविषयी ते खरं बोलले.

हा खरेपणा महत्त्वाचा ठरला तो १९४३ नंतर. त्या वर्षी फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून मागेल तेवढीच हवा देणारं यंत्र सिद्ध केलं, आणि समुद्राचा तळ हौशी माणसाला खुला झाला. नौदलाचा पाणबुड्या तपासून, पारखून घेतलेला असतो. हौशी माणूस स्वतःच स्वतःची निवड करतो. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, दिवसाला पाकीटभर सिगारेट, आणि तरीही तोच म्हणतो, मी ठणठणीत आहे.

पाणी मात्र हिशेब चोख ठेवतं. १९९२ ते २००३ या काळातल्या हौशी पाणबुड्यांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा ज्यांचं कारण ठरवता आलं त्यांतले सुमारे एकचतुर्थांश हृदयविकाराच्या घटनेतून झालेले दिसले. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं, की बुडबुड्यांच्या दुखण्यानं गाठलेल्यांमध्ये, वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांची लक्षणं अधिक गंभीर असण्याकडे कल होता. धूम्रपानानं हे दुखणं होतंच, असं त्या अभ्यासानं म्हटलं नाही. पण कारण समजणं अवघड नाही. ओढणाऱ्याच्या श्वासनलिकांत कफ साठतो, त्यामागे हवा अडकते, आणि वर येताना ती अडकलेली हवा फुगते.

ती किती फुगते? समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना छातीतली हवा दुप्पट होते. म्हणजे प्रमाणात सर्वांत मोठा बदल वरच्या उथळ पाण्यातच होतो. मालवण-तारकर्लीला सुट्टीत जाऊन पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ‘थोडंच तर खोल आहे’ हा दिलासा खोटा आहे. भरल्या छातीनं श्वास रोखून वर आलं, तर दोन मीटरही फुफ्फुस फाटायला पुरतात. म्हणून शिकवणारे पहिला धडा देतात तो हाच : श्वास रोखू नका, घेत राहा आणि सोडत राहा.

उतरण्याआधी तब्येतीचा एक अर्ज भरून घेण्याची पद्धत जगभर आहे. पंचेचाळीस वर्षांपुढच्या माणसाला त्यात विचारतात : तुम्ही धूम्रपान करता का? उत्तर ‘हो’ असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पुष्कळदा बरोबरची मंडळी बोटीत चढलेली असतात, पैसे भरलेले असतात, आणि माणूस सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहून सही ठोकतो. ते खोटं उत्तर अर्ज घेणाऱ्याला कळत नाही. पाण्याखाली ते त्याला एकट्याला सोसावं लागतं, आणि मग त्याला वर ओढून आणायला ज्यानं जीव धोक्यात घातला, त्यालाही.

शेळ्यांनी, पुलाच्या मजुरांनी आणि हाल्डेन बापलेकांनी मोठी किंमत मोजून आपल्यासाठी हा जिना बांधून ठेवला आहे. त्यावर पाय ठेवण्याआधी त्या अर्जावर खरं तेवढंच लिहा. ‘नाही’ लिहावंसं वाटत असेल, तर सिगारेट सोडा आणि मग लिहा. समुद्र कुठं जात नाही. पुढच्या वर्षीही तो तिथंच असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)