बेडकीने दिलेली खूण

आज आम्ही एका बेडकीची गोष्ट सांगणार आहोत.

पहिला मोठा पाऊस झाला की आपल्या नांदूरघाटच्या शिवारात बेडकं ओरडायला लागतात, आणि पाठोपाठ डबक्यात अंडी दिसतात. अंडी कधी घालायची, हे बेडकीला कोण सांगतं? तिच्या मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते. तिचा स्राव रक्तात उतरतो आणि अंडाशयाला निरोप पोचवतो.

१९३० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला लॅन्सलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाने बैलाच्या त्याच ग्रंथीचा अर्क तिथल्या बेडकीला टोचला. तिने अंडी घातली. त्यातूनच पुढे गरोदरपणाची तपासणी निघाली. बाईला दिवस गेले की वार तयार होताना तसाच निरोप देणारा स्राव बनतो आणि लघवीत उतरतो. ती लघवी बेडकीला टोचायची. बाई गरोदर असली तर बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत अंडी दिसायची. त्याआधी अशा तपासणीसाठी उंदीर मारावे लागत. बेडकी मात्र जगायची आणि पुन्हा कामाला यायची. १९६० नंतर नव्या पद्धती आल्या आणि बेडकी सुटली. आज आशाताई देतात ती पट्टी तोच स्राव ओळखते.

हे सगळं आज का सांगायचं? कारण आपलं अंडाशयही ग्रंथीच आहे. त्याचा स्राव पाळी चालवतो, तसाच हाडंही बळकट ठेवतो. आपण नुसतं ‘पिशवी काढली’ म्हणतो. सोबत अंडाशय गेलं का, हे पुष्कळींना माहीतच नसतं. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. खाडा पडला की पैसे कापतात, उचल फिटत नाही, अंगावरून जातं म्हणून दाखवावं तर कॅन्सरची भीती घालतात. कारणं आपल्याला ठाऊक आहेत.

कधी ऑपरेशन खरंच लागतं. पण होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा: का काढायची? औषधाने भागेल का? अंडाशय ठेवणार का? सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. एकटीने जाऊ नका. गटातली एक जण सोबत न्या आणि कागद जपून ठेवा.