दारूमुळे आजारी पडलं, तर कंपनीचा आरोग्य विमा पैसे देतो का?

नोकरी लागली की एचआरचा मेल येतो. इतक्या लाखांचं कव्हर, घरचेही त्यात. आपण ई-कार्ड डाऊनलोड करतो आणि विसरून जातो. पॉलिसीत काय नाही, हे थेट हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर कळतं. त्या 'नाही'च्या यादीत दारू आणि ड्रग्ज असतात.

नियम काय आहे?

आरोग्य विम्यातून कोणत्या गोष्टी वगळायच्या, याची ठरावीक भाषा विमा नियामक 'इर्डा'ने २०१९ मध्ये ठरवून दिली. त्यातला १२ वा मुद्दा व्यसनाचा आहे. दारू, ड्रग्ज किंवा कोणत्याही व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम, यांचा खर्च मिळत नाही.

खरी मेख 'परिणाम' या शब्दात आहे. व्यसनमुक्ती केंद्राचं बिल तर अडकतंच, पण केस पेपरवर 'दारूमुळे लिव्हर सिरॉसिस' असं लिहिलं असेल, तर तो क्लेमही नाकारला जाऊ शकतो. ग्रुप पॉलिसीच्या अटी मात्र कंपनीनुसार बदलतात. त्यामुळे एचआरकडून पूर्ण पॉलिसी मागून घ्या.

पण व्यसन हा आजारच ना?

कायदा तसंच मानतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं याच कायद्याचं कलम २१ सांगतं. म्हणजे कायदा एक बोलतो आणि पॉलिसी दुसरंच. क्लेम नाकारला गेला, तर तक्रारीत हा मुद्दा मांडता येतो.

नशेत असताना कामावर अपघात झाला तर?

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार अपघात थेट नशेमुळे झाला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नसते. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हे कारण चालत नाही, भरपाई द्यावीच लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. अनेक घरांना हे माहीतच नसतं.

नोकरी गेली तर पीएफ, ग्रॅच्युइटीचं काय?

पीएफ तुमचाच राहतो. ग्रॅच्युइटीही केवळ दारू पितो म्हणून जप्त होत नाही. मात्र दंगा, मारामारी अशा कारणांवरून बडतर्फ केलं असेल, तर ती पूर्ण किंवा काही प्रमाणात कापता येते.

मग डॉक्टरांना सांगायचंच नाही का?

सांगायचंच. क्लेम जाईल या भीतीने घरचे 'ते घेत नाहीत हो' म्हणून मोकळे होतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की पुढच्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भान हरपणं असे त्रास होऊ शकतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांना आधी कळलं, तर ते औषधं देऊन हे टाळू शकतात. फक्त किती आणि किती वर्षं, हे नेमकं सांगा. कधीमधी घेणाऱ्याच्या पेपरवर 'क्रॉनिक अल्कोहोलिक' असं लिहिलं गेलं असेल, तर डिस्चार्जच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

क्लेम नाकारला तर काय करायचं?

नकाराचं कारण लेखी मागा. आजार दारूमुळेच झाला, हे दाखवण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते. आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत.

आणि दारू सोडायची असेल, तर विम्याची वाट बघू नका. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे. मनावर ताण असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर बोलता येतं.