मंदावलेल्या बाजारात रो-हाऊसची विक्री : बिजौलीच्या घरमालकांपुढील पर्याय

झाशी : घर विकावयास काढले, पाहणारे येऊन गेले, परंतु महिनोन्‌महिने सौदा होत नाही, हा मंद बाजारातील घरमालकांचा नेहमीचा अनुभव आहे. झाशी शहराच्या दक्षिणेस ललितपूर मार्गावर असलेल्या बिजौलीसारख्या औद्योगिक परिसरात हा प्रश्न अधिक जाणवतो. मोठ्या शहराच्या तुलनेत येथे ग्राहकांची संख्या मर्यादित असते आणि एकाच आराखड्याची घरे शेजारी शेजारी उभी असल्यामुळे खरेदीदारास तुलना करणे सोपे जाते. अशा वेळी जाहिरातीपेक्षा किंमत, कागदपत्रे आणि घराची प्रत्यक्ष स्थिती या तीन गोष्टी निर्णायक ठरतात.

संभाव्य खरेदीदार कोण?

बिजौलीत उत्तर प्रदेश राज्य औद्योगिक विकास प्राधिकरणाचे औद्योगिक क्षेत्र आहे. याच पट्ट्यात खैलार येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना असून पुढे बबिना ही लष्करी छावणी आहे. झाशी हे रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे. त्यामुळे कारखान्यांतील व रेल्वेतील कर्मचारी, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिक आणि लहान उद्योजक हा येथील स्वाभाविक ग्राहकवर्ग मानता येतो. संकेतस्थळावरील जाहिरातीबरोबरच कर्मचारी वसाहती, पतसंस्था आणि निवृत्तांच्या संघटनांपर्यंत माहिती पोहोचविणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

राज्य सरकारने २०२३ मध्ये बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरणाची स्थापना करून झाशी तहसीलमधील ३३ गावांचा त्यात समावेश केला. उत्तर प्रदेश संरक्षण औद्योगिक कॉरिडॉरच्या सहा केंद्रांपैकी एक केंद्रही झाशी येथे आहे. या प्रकल्पांमुळे भविष्यात मागणी वाढेल, अशी अपेक्षा घरमालक बाळगतात. मात्र भविष्यातील विकासाची किंमत आजच्या ग्राहकाकडून वसूल करण्याचा प्रयत्न केल्यास घर तसेच पडून राहते. ग्राहक आजचा रस्ता, आजचे पाणी आणि आजचा कर्जाचा हप्ता यांचा विचार करतो.

किंमत ठरविताना

शेजाऱ्याने सांगितलेला आकडा हा मागणीचा दर असतो, विक्रीचा नव्हे. उपनिबंधक कार्यालयात अलीकडे नोंदलेले व्यवहार आणि बँकेच्या मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल हे अधिक विश्वासार्ह आधार आहेत. महाराष्ट्रात ज्यास रेडी रेकनर म्हणतात, त्यास उत्तर प्रदेशात सर्कल दर म्हटले जाते. विक्रीची किंमत आणि सर्कल दरानुसार येणारे मूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल, तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. सर्कल दराचे मूल्य विक्री किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असल्यास प्राप्तिकराची आकारणीही त्या वाढीव मूल्यावर होऊ शकते. त्यामुळे किंमत कमी करण्यापूर्वी हा दर तपासणे आवश्यक असते.

ग्राहकाच्या बाजूचा हिशेबही विक्रेत्याने मांडून पाहावा. उदाहरणार्थ, घराची किंमत ४० लाख रुपये धरल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३२ लाख रुपये कर्ज मिळू शकते. उर्वरित ८ लाख रुपये ग्राहकाने स्वतः उभे करावयाचे असतात. शहरी व विकास क्षेत्रात सर्वसाधारणपणे ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी शुल्क धरल्यास आणखी ३ लाख २० हजार रुपये लागतात. म्हणजेच ग्राहकाच्या हाती ११ लाख २० हजार रुपये असावे लागतात. उत्तर प्रदेशात २०२५ पासून एक कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेची खरेदी महिलेच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. या उदाहरणात ती ४० हजार रुपये होते. ही बाब ग्राहकाच्या निदर्शनास आणून दिल्यास विक्रेत्यास काहीही खर्च येत नाही.

थांबण्याचीही किंमत असते. ४० लाख रुपयांवर वार्षिक ६ टक्के व्याज धरले, तर वर्षभरात २ लाख ४० हजार रुपयांचे उत्पन्न बुडते. दोन लाख रुपये अधिक मिळावेत म्हणून वर्षभर वाट पाहणारा विक्रेता प्रत्यक्षात तोट्यात राहतो. देखभाल आणि घरपट्टीचा खर्च निराळाच.

कागदपत्रे आधी, जाहिरात नंतर

मंद बाजारात हाती आलेला ग्राहक बहुधा कागदपत्रांवर अडतो. मूळ खरेदीखत, मागील व्यवहारांची साखळी, मंजूर नकाशा, बोजा नसल्याचा दाखला, घरपट्टी व विजेची थकबाकी नसल्याची पत्रे आणि नामांतरणाची नोंद आधीच तयार ठेवावी. उत्तर प्रदेशात नामांतरणास दाखिल-खारिज म्हणतात. गावाच्या हद्दीतील शेतजमिनीवर घर बांधलेले असल्यास उत्तर प्रदेश महसूल संहिता, २००६ च्या कलम ८० अन्वये अकृषक वापराची घोषणा झाली आहे की नाही, हे बँका पाहतात. गावठाणातील घरांसाठी स्वामित्व योजनेअंतर्गत ‘घरौनी’ हे अभिलेख दिले जातात. भूखंड भाडेपट्ट्याचा असल्यास हस्तांतरणासाठी संबंधित प्राधिकरणाची परवानगी लागू शकते.

झाशीशी मराठी कुटुंबांचे नाते अठराव्या शतकातील सुभेदार नारो शंकर यांच्या काळापासूनचे आहे. कुटुंबातील वारस पुणे, मुंबई किंवा नागपूर येथे स्थायिक झालेले असल्यास सर्व वारसांची संमती हा कळीचा मुद्दा ठरतो. एका वारसाची सही राहिली तरी बँक कर्ज नाकारू शकते. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत अनिवार्य आहे.

घर दाखविताना

रो-हाऊसमध्ये दोन घरांची भिंत सामाईक असते. त्यामुळे भिंतीतील ओल, शेजारच्या गच्चीवरून येणारे पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी यांविषयी ग्राहक हमखास विचारतो. बुंदेलखंडातील कडक उन्हाळ्यात गच्चीचे उष्णतारोधन आणि पाण्याच्या टाकीची क्षमता यांना महत्त्व येते. गळती दुरुस्ती, रंगकाम आणि दारे-खिडक्यांची डागडुजी एवढा खर्च पुरेसा असतो. महागडी सजावट केल्यास तिचे पैसे किमतीतून वसूल होतीलच असे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु ग्राहकास सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे बंधनकारक आहे. दोष आधी सांगितल्यास किंमत थोडी उतरते. नंतर उघड झाल्यास सौदाच मोडतो.

व्यवहारातील दक्षता

ग्राहक मिळत नसताना रोखीचा प्रस्ताव मोहात पाडतो. परंतु स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्यानुसार मनाई असून तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विक्रीची किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास निवासी विक्रेत्यास रक्कम देताना ग्राहकास १ टक्का कर कापून भरावा लागतो. दोन वर्षांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीस महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही उपलब्ध आहे. मिळालेला नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतविल्यास अटींच्या अधीन राहून सूट मिळते.

बयाणा स्वीकारताना मुदत, उर्वरित रक्कम, कर्ज नामंजूर झाल्यास परताव्याची अट आणि ताब्याची तारीख लेखी नमूद करावी. पूर्ण रक्कम मिळण्यापूर्वी ताबा देणे टाळावे. इतके करूनही योग्य ग्राहक न मिळाल्यास नोंदणीकृत करारावर घर भाड्याने देणे हा पर्याय उरतो. त्यामुळे घर वापरात राहते, मासिक उत्पन्न सुरू होते आणि विक्रेत्यावर मिळेल त्या भावात घर काढून टाकण्याची वेळ येत नाही.