दुभाष्याचा कागद

15 ऑगस्ट 2021. आपल्याकडे झेंडावंदन उरकलं होतं आणि तालिबान काबूलमध्ये शिरत होतं. निघताना अमेरिकी दूतावासाने गोपनीय कागदपत्रं नष्ट केली. त्यांत व्हिसासाठी जमा केलेले अफगाण अर्जदारांचे पासपोर्टही गेले.

दुभाष्यांनाच खास व्हिसा कशाला, शाळेत शिकवणाऱ्या बाईचा जीव काय कमी धोक्यात होता, हा मुद्दा सुरुवातीला मलाही पटला होता. पण तुकडी गावात शिरते तेव्हा प्रश्न सैनिकाचा असतो आणि तोंड दुभाष्याचं. काही महिन्यांनी सैनिक घरी जातो. गावाच्या लक्षात राहतो तो दुभाष्या. त्याचा धोका नोकरीतून आलेला, म्हणून जबाबदारी नोकरी देणाऱ्याची. यात मला तरी मेहेरबानी दिसत नाही.

अमेरिकेने 2006 मध्ये इराक आणि अफगाणिस्तान मिळून वर्षाला फक्त 50 दुभाष्यांची सोय केली. 2009 मध्ये अफगाणांसाठी वेगळा कायदा आला. त्याची प्रक्रिया तब्बल 14 टप्प्यांची! कंपनीचं पत्र हवं, अमेरिकी वरिष्ठाचं शिफारसपत्र हवं. कंत्राटी कंपनीच बंद पडली असेल, किंवा साहेबाचं नुसतं पहिलं नाव माहीत असेल, तर बसा शोधत. पॉलिग्राफमध्ये अडकून नोकरी गेली की व्हिसाही गेलाच. 2013 च्या दुरुस्तीने नऊ महिन्यांची मुदत घातली, तरी अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले. 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हा विलंब अवाजवी ठरवला. आम्ही आयटीवालेही व्हिसाच्या रांगेबद्दल तासन्‌तास कुरकुरतो. पण आमच्या रांगेत कुणाचा जीव जात नाही.

फ्रान्सने हे आधी केलं होतं. अल्जीरियात फ्रेंच सैन्यासोबत लढलेल्या स्थानिकांना, म्हणजे हार्कींना, 1962 मध्ये परस्पर फ्रान्सला आणू नका, असा आदेश मंत्री लुई जोक्स यांनी दिला. मागे राहिलेल्यांपैकी हजारो मारले गेले. जे पोचले त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला रिव्हसाल्तसारख्या छावण्यांची काटेरी तार आली. अध्यक्ष मॅक्रों यांनी हार्कींची माफी मागितली ती सप्टेंबर 2021 मध्ये, काबूल पडल्यावर महिनाभराने.

माझ्या मते व्हिसाची हमी नोकरीच्या करारातच हवी, पहिल्या दिवसापासून. सैन्य निघाल्यावर पुरावे मागायचे म्हणजे काय, ते त्या ऑगस्टमध्ये दिसलं. विमानतळाच्या दाराशी अमेरिकनांना दाखवायला जे प्रशस्तिपत्र लागणार, तेच वाटेतल्या तालिबानच्या नाक्यावर खिशात सापडून चालणार नव्हतं. अनेकांनी ते घरीच जाळलं.