वाघ, ड्रॅगन आणि आमचे अण्णा

टीव्हीवर संशोधकाला बसायला खुर्ची देत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंय का? पैसेवाले ऐसपैस बसलेले आणि हा बापडा समोर गालिच्यावर उभा. आमच्या बँकेच्या कर्ज विभागातसुद्धा समोरच्याला खुर्ची असते. तिचा एक पाय डुगडुगतो, पण असते!

पूर्वी असं नव्हतं. बीबीसीवर १९६५ ते २००३ 'टुमारोज वर्ल्ड' नावाचा कार्यक्रम चालला. त्यात वस्तू दाखवायचे, माणसाची झडती घ्यायचे नाहीत. ट्रेव्हर बेलिसचा किल्लीचा रेडिओ कंपन्यांनी नाकारला होता. १९९४ साली तो या कार्यक्रमात झळकला आणि मग त्याचा कारखाना निघाला. किती टक्के भागीदारी देतोस, असं तिथे कुणी विचारलं नाही.

मग २००१ साली जपानी टीव्हीवर 'पैशाचे वाघ' आले. २००५ मध्ये बीबीसीने त्यांचे ड्रॅगन केले, २००९ साली अमेरिकेने शार्क. प्राणी बदलले, भूक तीच. ड्रॅगनमंडळींच्या खुर्चीशेजारी सुरुवातीला नोटांच्या गड्ड्या रचलेल्या असत. आमच्याकडे कॅशियरने अशा उघड्यावर गड्ड्या ठेवल्या तर संध्याकाळच्या आत मेमो!

अमेरिकेत २००६ साली 'अमेरिकन इन्व्हेन्टर' म्हणून सरळसरळ स्पर्धाच झाली, बक्षीस दहा लाख डॉलर. यानुश लिबरकोव्स्की नावाच्या गृहस्थांनी मुलांसाठी मोटारीतली गोलाकार सुरक्षित सीट केली होती. त्यांची मुलगी अपघातात गेली होती. निकाल प्रेक्षकांच्या मतांवर होता. ते जिंकले. आता लोकांनी मत सीटला दिलं की बापाच्या डोळ्यांतल्या पाण्याला, हे कोण सांगणार? आमच्या अर्जात तरी त्यासाठी रकाना नाही.

आणि परीक्षा कशी, तर त्याच वर्षी रॉब लॉ याने ड्रॅगनांपुढे मुलांनी वर बसून फिरवायची बॅग आणली. एका ड्रॅगनने पट्टा ओढला, तो निघून हातात आला. झालं, सौदा फिसकटला! पुढे त्या बॅगा लाखांनी खपल्या. २०१३ साली जेमी सिमिनॉफने दाराबाहेर कोण आलंय ते फोनवर दाखवणारी बेल आणली. एकाने अटी घातल्या, त्या याला पटल्या नाहीत. बाकीच्यांनी हात वर केले. २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच साली हा पठ्ठ्या पाहुणा शार्क म्हणून तिथेच बसला. खुर्ची मिळायला पाच वर्षं लागली.

आपल्याकडे २०२२ साली मालेगावकडचे कमलेश घुमरे औषधफवारणीची गाडी घेऊन आले. पाठीवर पंप वाहणारा बाप बघून केलेली. मागितले तीस लाख, दहा टक्क्यांना. मिळाले दहा लाख, चाळीस टक्क्यांना, वर वीस लाख कर्ज बिनव्याजी. आमची सौ. पदराने डोळे पुसत होती आणि मी बी.कॉम. असल्यामुळे हिशेब करत होतो: तीन कोटींची कंपनी पंचवीस लाखांवर आली, म्हणजे एका बैठकीत पावणेतीन कोटी गेले! आणि बिनव्याजी कर्ज? आमच्या साहेबांना भोवळच आली असती.

पलीकडे अण्णा, म्हणजे आमचे तीर्थरूप, गप्प बसून बघत होते. १९९३ साली त्यांनी दूध उतू जायच्या आधी वाजणारी शिट्टी केली होती. ती पिशवीत घालून ते एका बँकेत कर्ज मागायला गेले. मी बरोबर होतो, बारा वर्षांचा. साहेबांनी पिशवीकडे न बघताच विचारलं, "तारण काय?" अण्णा म्हणाले, "आधी बघा तर खरं!" साहेबांनी घड्याळ बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा म्हणाले, "पैशाचं सोड रे. त्याला बोलू तरी दिलं."

मी काहीच बोललो नाही. त्याच दुपारी लसूण सोलायच्या यंत्राचा नकाशा घेऊन एक पोरगा आला होता आणि त्याची गुंडाळी सुटायच्या आत मी त्याला तारण विचारलं होतं. तेही त्याला उभाच ठेवून.

दुसऱ्या दिवशी अर्जावरचा नंबर शोधून त्याला फोन केला. डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडीही घातली.

अण्णांची शिट्टी सौ.ने माळ्यावरून काढून परवा पातेल्याला लावली. अजून वाजते. दूध उतू गेल्यावर.